हातभर दोर

सत्काराचे सामान भरायला मला वेळ लागत नाही. शाल, नारळ, कुंकवाची डबी, मानपत्राची गुंडाळी, ती भिजू नये म्हणून मेणकापड, आणि फोटोसाठी भावाकडून मागून आणलेला कॅमेरा. आमच्या महिला मंडळाचे चिटणीसपद बरीच वर्षे माझ्याकडे आहे आणि आजवर कुठल्या सत्काराला साधी टाचणीसुद्धा विसरलेली नाही. या खेपेलाही काही विसरले नाही. तरी शाल आणि मानपत्र जसेच्या तसे परत आले. मंडळाच्या बैठकीत कारण विचारले गेले, तेव्हा मी ते दोन वाक्यांत सांगितले. दोन वाक्यांत ते मावत नाही हे मलाही ठाऊक होते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या भागात दुष्काळाने कहर केला होता. आमचे मंडळ दरवर्षी एका सामान्य माणसाचा त्याच्या धैर्याबद्दल सत्कार करते. त्या वर्षी खर्ड्याच्या पुढच्या एका गावातून तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक पवार गुरुजी यांचे पत्र आले. गावची पाण्याची विहीर खोल करण्याचे काम चालू असताना तिची कड ढासळली. खाली दोघे होते. कोंडिबा नावाचा माणूस दोराने खाली उतरला आणि पाय मोडलेल्या एका गड्याला खांद्यावर घेऊन वर आला. दुसरा गडी मात्र दरडीखाली गेला. कार्यकारिणीने कोंडिबाची निवड एकमताने केली आणि त्याला पुण्याला बोलावले. उत्तर आले ते गुरुजींचे: "तो येणार नाही. आपणच यावे, हे बरे."

मीच गेले. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ते का, हे पुढे कळेल.

नगरच्या पुढे

नगरला गाडी बदलली. दुष्काळ म्हणजे ओसाड मुलूख, अशी माझी कल्पना होती. ती जामखेडच्या रस्त्यावर पुसली गेली. रस्ता आमच्या मंडईसारखा माणसांनी भरलेला होता. दोन्ही कडांना बायका-पुरुष ओळीने बसून खडी फोडत होते. फोडलेल्या खडीचे चौकोनी ढीग मोजणीसाठी रचून ठेवलेले होते आणि बाभळींच्या फांद्यांना तान्ह्या मुलांच्या झोळ्या टांगलेल्या होत्या. एवढी माणसे, पण बोलण्याचा आवाज नाही, नुसता हातोड्यांचा. गाडी थांबली की तो ऐकू येई, गाडी सुटली की मागे पडे, आणि पुढच्या वळणावर पुन्हा गाठी.

शेतात बघण्यासारखे काही नव्हते. ढेकळेसुद्धा उरली नव्हती, त्यांचा फुफाटा झाला होता. बैल दिसला नाही. "इकलं, न्हाईतर छावनीला धाडलं," शेजारची बाई म्हणाली. ती नगरच्या दवाखान्यातून परत चालली होती. थोड्या वेळाने तिने माझ्या पिशवीकडे बोट केले.

"बाई, तुमची पिशवी गळतीय."

नारळ. गचक्यांनी तो बाकाच्या लोखंडावर आपटून तडकला होता. मी घाईने पेला शोधू लागले.

"भांडं कशाला धुंडता?" म्हणून तिने सरळ तळहात खाली धरला. तो भरला तसा पिऊन टाकला, पुन्हा धरला आणि पुढच्या बाकावरच्या म्हातारीच्या तोंडाला लावला. मग ओला हात स्वतःच्या मानेवर फिरवला.

"गोड हाय. देवाचा हुता का?"

"सत्काराचा होता."

"म्हंजी मानसाचा. मग चालतंय."

मी फुटक्या नारळाचे तुकडे करून आसपासच्या लोकांना वाटले. पिशवीतली एक वस्तू तरी कामी आली, ती ही.

खर्ड्याच्या थांब्यावर पवार गुरुजी सायकल धरून उभे होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, बोलताना चष्मा पुसायची सवय. माझी पिशवी त्यांनी सायकलला अडकवली आणि आम्ही पायी निघालो. किल्ल्याच्या बाजूने जाताना मी वर पाहिले, तर तटाच्या कडेवर शेळ्या चढलेल्या. दगडांच्या फटीतून आलेला पाला तेवढा कुणी ओरबाडलेला नव्हता. खाली उभा असलेला गुराखी हाका मारत होता आणि शेळ्या उतरायला तयार नव्हत्या.

"त्यांना कळलंय," गुरुजी म्हणाले, "खाली काही नाही ते."

गुरुजींच्या घरी

घरात शिरल्याबरोबर गुरुजींच्या पत्नीने परात पुढे ठेवली. "ताई, पाय धुवायचे तर परातीत उभ्या राहा. ते पाणी शेळीला होतं." मी परातीत उभी राहिले. एका तांब्यात दोन्ही पाय आणि तोंड झाले, आणि माझ्यासमोरच शेळीने परात चाटून कोरडी केली. पुण्यात आमच्या चाळीत नळाचे पाणी एक वेळ आले म्हणून मागच्याच महिन्यात तक्रारअर्जावर मी सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या होत्या. तो अर्ज मला त्या परातीत उभी असताना आठवला.

जेवायला मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, तांबडी भाकरी, हुलग्याचे पातळ माडगे आणि लसणाची चटणी. भाकरी घशाखाली उतरायला माडग्याचा आधार लागे.

"पुण्यात मिळते का हो ही?" गुरुजींच्या पत्नीने विचारले.

"रेशनवर आली होती. आम्ही नाके मुरडली."

"आम्हीबी मुरडली. मग संपली म्हणाले, तेव्हा नाक सरळ झालं."

दिवसभरात हसलो ते तेवढेच. टँकर येण्याचा नेम नव्हता. आला की शाळा आपोआप सुटे, घंटा द्यावी लागत नसे. गावची विहीर पुरुष-दोन पुरुष आणखी खाली नेली तर झरा लागेल, अशी सगळ्यांची आशा होती. अपघातानंतर काम थांबले होते. ढासळलेला मलबा काढून कडेला लाकडांचे टेकू देऊन झाले होते आणि परवा सकाळी काम पुन्हा सुरू व्हायचे होते.

मी माझा कार्यक्रम सांगितला. उद्या सकाळी कोंडिबाची भेट, संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर सत्कार, परवा परतीची गाडी. गुरुजींनी चष्मा पुसला. "आधी कोंडिबाला भेटा," एवढेच म्हणाले.

कोंडिबा

कोंडिबाचे घर गावाच्या टोकाला बौद्ध वस्तीत. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा गडी. एक खांदा अजून चिंधीने बांधलेला होता. त्याने "जय भीम, बाई" म्हणून घोंगडे अंथरले. घरात पाणी नव्हते म्हणून त्याच्या बायकोने मूठभर फुटाणे पुढे ठेवले.

माझ्या मनात आलेला प्रश्न मी विचारूनच टाकला. गावच्या पिण्याच्या विहिरीत तुम्ही उतरता, त्याला कुणी आडवे आले नाही?

तो हसला. "कोरड्या हिरीला इटाळ न्हाई, बाई. पानी लागू द्या, मग बघू."

मी मानपत्र काढले आणि वाचून दाखवू लागले. 'प्राणाची पर्वा न करता' या शब्दांवर त्याने हात वर करून मला थांबवले.

"लई चांगलं लिवलंय. पन मानूस चुकला तुमचा."

"म्हणजे? तुम्ही उतरला नाहीत?"

"उतरलो की. खाली मी गेलो. वर कोन आनलं? हिरीत उतरताना मानूस खाली बघत न्हाई, बाई, दोरावर कोन हाय ते बघतो. दोरावर गयावैनी हुती म्हनून उतरलो. दुसरं कुनी असतं तर मीबी काठावर बसून 'अरारारा' केलं असतं."

मग त्याने विहिरीचे काम कसे चालते ते सांगितले. ते समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. पूर्वी मोटेचे बैल ज्या उतारावरून चालत, त्याला धाव म्हणतात. आता बैल नाहीत, म्हणून बायकाच दोर खांद्यावर घेऊन धाव उतरतात आणि चाकावरून विहिरीतला मुरूम, दगड, नाहीतर माणूस वर येतो. ओढणाऱ्या बायकांची पाठ विहिरीकडे असते. त्यांना खालचे काही दिसत नाही. फक्त एक बाई काठावर उभी असते. तिच्या हाताशी खुंट असतो, त्याला दोराचा एक वेढा. ती खाली बघते आणि 'ओढा' म्हणते, 'थांबा' म्हणते, 'सोडा' म्हणते. खोल विहिरीत आवाज घुमतो, शब्द कळत नाही, म्हणून खालचा माणूस हाताने खूण करतो. दोन्ही हात आडवे म्हणजे थांब. हात खाली दाबला म्हणजे सोड. हात वर म्हणजे ओढ. त्या काठावरच्या बाईला 'दोरावर पहिली' म्हणतात. गया ही दोरावर पहिली होती.

"त्या दिशी खाली निवृत्ती आन् साहेबराव," कोंडिबा म्हणाला. "साहेबराव म्हंजी गयावैनीचा मालक. कडेचा दगुड सुटला, निवृत्तीच्या पायावर आला. मी उतरलो. साहेबरावनंच त्याला माझ्या खांद्यावर दिला. म्हनला, तू हो वर, माझ्यासाठी दोर माघारी येतोयच. आमी निम्म्यावर आलो आन् सगळी कड हालली. माझ्या डोळ्यांत माती. खाली काय झालं ते मला दिसलं न्हाई. पन दोर थांबला न्हाई, बाई. एक बोटबी थांबला न्हाई. थांबला असता तर आज तुमी मानपत्र माझ्या फोटूपुढं वाचलं असतं."

"आणि साहेबराव?"

"त्याला मागनं काढला."

फुटाणे तसेच राहिले. मी वही काढून मानपत्रातले नाव बदलायला घेतले. एका मानपत्राने भागणार नव्हते, पण शाल एक असली तरी ती गयाबाईंना द्यायला काय हरकत? माझे असेच काम असते: अडचण आली की पर्याय.

कोंडिबाने माझ्या पेन्सिलीकडे पाहिले. "तुमी शाल घालाल आन् गाडीला बसाल. तिला त्याच घरात ऱ्हायाचंय. आधी तिला इचारा."

गोठा

गयाबाई घरात राहत नव्हत्या. घर सासूचे, आणि सासूने त्यांना उंबऱ्याच्या आत घेणे बंद केले होते. रिकाम्या गोठ्यात, जिथे बैलांची जोडी बांधली जाई, तिथे त्यांचे अंथरूण. त्यांची लहान मुलगी मात्र घरात, आजीजवळ. आजीने गावाला सांगून टाकले होते की पहिला पाऊस पडला की सुनेला माहेरी धाडायची, आणि पोर इथेच ठेवायची. पोर साहेबरावची आहे, साहेबरावला मारणारीची नाही.

गयाबाई तिशीच्या आत असतील. कपाळ मोकळे, तळहातांवर दोराचे काळे वळ. मी कोण, कुठून आले, हे गुरुजींनी सांगितले. मी शालीची गोष्ट काढली.

"नको, बाई," त्या लगेच म्हणाल्या. "मला शाल घातली म्हंजी मालकाला मारल्याचं बक्षीस घेतलं असं व्हईल. माझी पोर माझ्यापशी यायची हाय. ती शालीनं येत न्हाई."

मी विचारू नये ते विचारले. "शेवटी काय झाले?"

त्या उत्तर देणार तोच घराच्या दारातून आवाज आला. "मी सांगते की. मीबी हुते तिथं."

सासू. भागूबाई. उंच, वाकलेली, हातात गोवऱ्यांची पाटी. तिने पाटी खाली ठेवली नाही. "ल्योकाला भाकर घेऊन गेल्ते. ह्या डोळ्यांनी बघितलं. कड खाली येत हुती आन् माझ्या साहेबरावनं हात वर केला. असा." तिने मोकळा हात सरळ वर नेला, बोटे पसरली. "दोर मागत हुता. दोराचं खालचं टोक लोंबत हुतं, हातभर दोर खाली सोडला असता तर त्याच्या हाताला लागला असता. हिनं सोडला न्हाई. हिनं वढा म्हनलं."

"आत्याबाई, आमच्यात हात वर म्हंजी ओढ," गयाबाई हळू म्हणाल्या. हे त्यांनी पुष्कळदा म्हटलेले असावे, आवाजात बाजू मांडण्याचा जोर उरलेला नव्हता. "हातभर सोडला असता तर कोंडिबाभावजी आन् निवृत्तीबी दरडीखाली गेलं असतं."

"आमच्यात, म्हने! बुडता मानूसबी हात वरच करतो, गं."

गुरुजींनी चष्मा पुसायलाही घेतला नाही. म्हातारी पाटी घेऊन आत गेली आणि आतून मुलीला 'हिकडं ये' म्हणाली, कारण पोर दारापर्यंत आली होती.

मी उठताना गयाबाईंना विचारले, "तुम्हाला काय वाटते? त्यांनी कशासाठी हात वर केला?"

त्यांनी तळहात उलटा करून पाहिला. "तवा 'ओढ' वाटलं. आता रोज येगळं वाटतंय."

आमच्या मंडळाने आजवर ज्यांचा सत्कार केला, त्यांची यादी मला तोंडपाठ आहे. आगीतून मूल काढणारा, चोराशी झुंजणारी, पुरात पोहणारा. त्या सगळ्यांना आपण काय केले ते नक्की माहीत होते. या बाईने दोन जीव वाचवले होते, आणि तिसऱ्याचे काय केले हे तिला या जन्मात कळणार नव्हते. याचे मानपत्र कसे लिहायचे, मला सुचले नाही. संध्याकाळचा कार्यक्रम मी रद्द केला.

धावेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू व्हायचे होते. माझी गाडी दुपारची होती, ती मी सोडून दिली.

विहिरीवर सगळे गाव जमले होते. त्या भागात एक रीत आहे: विहिरीने ज्या घरचा माणूस घेतला, काम पुन्हा सुरू होताना त्याच घरचा माणूस पहिला उतरतो. मी गुरुजींना म्हटले, हा कसला क्रूरपणा? ते म्हणाले, "क्रूरपणा आहेच. पण ज्यांचं गेलं त्यांनाच भरवसा नाही असं दिसलं, तर दुसरं कोण उतरेल?" पहिला उतरणारा म्हणजे साहेबरावचा धाकटा भाऊ अंकुश. भागूबाईचा आता एकुलता एक. गेल्या वर्षी लग्न ठरलेले, ते दुष्काळाने पुढे गेलेले.

म्हातारी काठावर बसली होती. ती रडत नव्हती. फक्त तिच्याशी कुणी बोलू नये, अशी बसली होती.

"आई, मी न्हाई उतरलो तर कोन उतरल?" अंकुश म्हणाला. "किती दिस टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायचं?"

"मी काय म्हनले का?" म्हातारी म्हणाली.

अडचण दुसरीच निघाली. दोरावर पहिली कोण? सरपंचांचे म्हणणे, नव्याने काम सुरू होताना विधवा बाईच्या हातात दोर नको. त्यांनी दुसऱ्या एका बाईला पुढे केले. धडधाकट बाई, रोज दोर ओढणारी. ती काठापर्यंत आली, खाली वाकून पाहिले आणि मागे सरली. "मला नगं. खाली बघितलं का माझं हातपाय गळत्यात." मग दुसरीला विचारले. तिनेही मान हलवली. गयाबाई या सगळ्या वेळी धावेच्या खालच्या टोकाला, ओढणाऱ्या बायकांत शेवटी उभ्या होत्या. पदर डोक्यावर, नजर जमिनीवर.

"मी येतो दोरावर," कोंडिबा म्हणाला, पण त्याचा खांदा बांधलेला होता. एका हाताने खुंटावरचा वेढा धरता येत नाही हे त्यालाही ठाऊक होते.

सरपंच चिडले. "मग काय गावानं तहानेनं मरायचं?"

तेव्हा भागूबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. "दोर हिच्याकडं द्या," ती म्हणाली. तिने नाव घेतले नाही, बोटही केले नाही. पण सगळ्यांच्या माना धावेच्या खालच्या टोकाकडे वळल्या.

बायकांतली एक फटकन बोलली, "आत्ता गं बया! काल तर हिला उंबऱ्याच्या आत घेत नव्हतीस!"

"आजबी न्हाई घेत," म्हातारी म्हणाली. "दोर दे म्हनलं."

सरपंच बाजूला सरले. गयाबाई चालत वर आल्या. बायकांनी वाट दिली. तळहातांचे वळ पाहून मी पुढे झाले आणि शाल त्यांच्या हातात दिली, हाताला गुंडाळायला तरी होईल म्हणून. त्यांनी ती चाचपली आणि परत केली. "लोकर सरकती, बाई. सुती काय हाय का?" माझ्याकडे बदलायचे सुती पातळ होते. ते त्यांनी दाताने टरकावून पट्ट्या केल्या, स्वतःच्या हातांना बांधल्या आणि उरलेल्या मागच्या बायकांना दिल्या.

अंकुशने फासात पाय घातला. उतरण्यापूर्वी त्याने एकदा खुंटाकडे पाहिले. कोंडिबा खरे बोलला होता. खाली कुणी बघत नाही.

"वैनी, सांभाळून."

"जा."

तो खाली गेला. मी काठापासून दोन हातांवर उभी होते. खाली काळोखात त्याचे डोके आणि खांदे तेवढे दिसत. सबलीचा, म्हणजे पहारीचा, आवाज वर यायला वेळ लागे. मुरुमाच्या पाट्या भरून वर येऊ लागल्या. गयाबाई 'ओढा', 'थांबा', 'सोडा' म्हणत. तिसरा शब्द त्यांच्या तोंडून निघाला की भागूबाईच्या मानेची शीर ताठ होई. ऊन वर आले. पाट्या कोरड्याच येत होत्या.

मग टेकूंच्या मागून बारीक मातीची धार सुटली. फार नाही, दळताना जात्यातून पीठ गळते तेवढी. पण गावातल्या प्रत्येक माणसाने ती ऐकली. खाली अंकुशने सबल टाकली, फासात पाय घातला आणि हात वर केला.

सरळ, बोटे पसरलेला.

गयाबाईंचे ओठ उघडले आणि शब्द आला नाही. मी त्यांच्या अगदी जवळ होते. दोर त्यांच्या मुठीत होता आणि त्या खाली, त्या हाताकडे बघत होत्या. मागे धावेवर बायका पाठमोऱ्या थांबल्या होत्या. त्यांना काही दिसत नव्हते, त्या फक्त शब्दाची वाट बघत होत्या. मातीची धार जाड झाली.

भागूबाई काठावर ओणवी झाली. तिनेही तो हात पाहिला.

"काय बघतीस?" ती ओरडली. "हात वर केलाय त्यानं. ओढ!"

"ओढा!" गयाबाई म्हणाल्या.

बायका धाव उतरल्या. दोर ताठ झाला, चाक करकरले आणि अंकुश वर येऊ लागला. निम्म्यावर असताना खाली एक टेकू सुटून पडला आणि धुळीचा लोट त्याच्या पायांपर्यंत आला. दोर थांबला नाही. तो काठावर आला तेव्हा त्याच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. त्याला खोकला आवरत नव्हता. कुणीतरी तांब्यातले उरलेले घोटभर पाणी त्याच्या तोंडाला लावले.

भागूबाईने त्याला हात लावला नाही. ती अजून काठावर तशीच ओणवी होती, आणि खाली, आता कुणी नसलेल्या विहिरीत बघत होती. मग ती खाली बसली आणि तिने पदर तोंडात कोंबला. गयाबाईंनी खुंटावरचा वेढा सोडवला, दोराची गुंडाळी केली, नेहमी करतात तशी, आणि त्या सासूपासून थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या.

त्या दिवशी पाणी लागले नाही. टेकू नव्याने दिल्यावर पुन्हा उतरायचे ठरले.

निघताना

संध्याकाळी मी गयाबाईंचा निरोप घ्यायला गोठ्यात गेले. गावाचे नाव छापू नका, एवढेच त्यांनी मागितले. बोलत होतो तोच घराचे दार उघडले. रोज सासू दिवेलागणीला उंबऱ्यावर भाकरी ठेवी, आणि दार लावून घेतल्यावर गयाबाई ती उचलून आणीत. आज भाकरी घेऊन मुलगी आली. दोन्ही हातांत धरून, अंगण ओलांडून.

गयाबाईंनी भाकरी घेतली नाही. त्या दाराकडे बघत राहिल्या.

"आजीनं कवा माघारी ये म्हनून सांगितलंय?"

पोरीने आठवून पाहिले. "काय बोलली न्हाई."

दार उघडेच होते. आत चुलीचा धूर दिसत होता आणि भांड्यांचा आवाज येत होता, पण हाक आली नाही. मग गयाबाईंनी गोठ्यातल्या अंथरुणाची घडी उलगडून ते दोघींपुरते रुंद केले.